मला पस्तावा आहे, आणि तो मला हवाय

गेल्या महिन्यात ऑफिसमधल्या एका सरांचा निरोप समारंभ होता. बोलता बोलता ते म्हणाले, "आयुष्यात मला एकाही गोष्टीचा पस्तावा नाही." टाळ्या पडल्या, मीही वाजवल्या. पण घरी येईपर्यंत ते वाक्य काही डोक्यातून जाईना. सर मनापासूनच बोलले होते, त्यांच्याबद्दल माझं काही म्हणणं नाही. पण हल्ली हे सगळीकडेच ऐकू येतं ना, स्टेटसला, रील्समध्ये, तरुण पोरांच्या तोंडी, 'नो रिग्रेट्स', जणू काही पस्तावा वाटणं म्हणजे कमकुवतपणाच. मी ४७ वर्षांची आहे आणि मला पस्तावा आहे. बऱ्याच गोष्टींचा आहे. आणि तो नसता तर मी आज आहे त्यापेक्षा वाईट माणूस असते असं मला अगदी मनापासून वाटतं, म्हणून हे एवढं लांबलचक लिहितेय.

आपल्या भाषेत बघा ना किती शब्द आहेत याला. निघताना कुणाशी नीट बोललो नाही की चुटपुट लागते, ती दुसऱ्या दिवशी जाते. हळहळ वाटते ती हातातून गेलेल्या गोष्टीसाठी, कधी तर दुसऱ्याच्याही. रुखरुख आत कुठेतरी चालूच राहते, चारचौघांत हसत असताना पण. खंत वर्षानुवर्षं मुक्काम करते. आणि पश्चात्ताप, त्यात तर ताप आहेच, नंतर होणारा ताप, भाजणारा. आपल्या आधीच्या माणसांनी हे सगळं वेगवेगळं ओळखून त्याला नावं दिली आणि आपण एका शब्दात 'सोड ना यार, मूव्ह ऑन' म्हणून मोकळे होतो.

माझ्याबद्दल सांगते. सहा वर्षांपूर्वी एका संध्याकाळी मैत्रिणीचा व्हॉइस मेसेज आला. कॉलेजपासूनची मैत्रीण, जिला सगळं सांगायचं अशी. ४ मिनिटं ११ सेकंदांचा मेसेज. मला दुसऱ्या दिवशीचं प्रेझेंटेशन संपवायचं होतं, म्हटलं रात्री ऐकते. रात्री डोळे मिटत होते. दुसऱ्या दिवशी प्रेझेंटेशन. तिसऱ्या दिवशी आठवण झाली तेव्हा म्हटलं चार मिनिटं शांतपणे ऐकायला हवं, असं मध्येच नको. मग तो मेसेज खाली खाली गेला. आठ-दहा दिवसांनी तो दिसला की पोटात गोळा यायचा, कारण आता ऐकून काय उत्तर देणार, इतके दिवस का नाही ऐकलं याला काय सांगणार. म्हणजे उशीर झाला म्हणून लाज वाटत होती आणि लाज वाटते म्हणून अजून उशीर करत होते. असे पाच आठवडे गेले.

शेवटी ऐकला तेव्हा मी स्वयंपाकघरात ओट्यापाशी उभी होते. सुरुवातीला ती नेहमीसारखंच बोलत होती, काय करतेस, बिझी असशील. मागे बसस्टँडवरची अनाउन्समेंट ऐकू येत होती. मग थोडं थांबून म्हणाली, "मी घर सोडून आलेय गं. दोन दिवस तुझ्याकडे येऊ का?"

पाच आठवड्यांनी ऐकलं मी हे.

मी काय केलं असेल? तीन ओळींचा मेसेज टाइप केला. कामात होते, फोनचा प्रॉब्लेम होता, सॉरी. फोनचा काहीही प्रॉब्लेम नव्हता. तिचं उत्तर आलं, "अगं ठीके, झालं सगळं नीट." आणि मग चार वर्षं काही नाही. वाढदिवसाला एकमेकींना केकचं चित्र, बस.

त्या चार वर्षांत मी स्वतःला सगळं सांगून बघितलं. झालं गेलं गंगेला मिळालं. मला काय माहीत होतं तिच्या घरी काय चाललंय. कुणीही बिझी असतं. यातलं एकही वाक्य खोटं नाही, पण एकानेही झोप लागली नाही. त्या काळात पस्ताव्याबद्दल जे मिळेल ते वाचायचे, आणि एक गोष्ट माझ्या मनात पक्की बसली. २००४ साली 'सायन्स' या संशोधनाच्या मासिकात फ्रान्समधल्या संशोधकांचा एक अभ्यास आला होता. डोळ्यांच्या वरच्या बाजूला, कपाळामागे मेंदूचा एक भाग असतो, त्याला इजा झालेली काही माणसं आणि तशी इजा नसलेली माणसं यांना त्यांनी एक जुगारासारखा खेळ दिला. दोन चक्रं, त्यातलं एक निवडायचं, आणि नंतर दुसऱ्या चक्रावर काय मिळालं असतं तेही दाखवायचं. इजा नसलेल्या माणसांना 'अरे ते घ्यायला हवं होतं' असं लागायचं, आणि पुढच्या डावांत ती तो पस्तावा टाळायला बघून निवडायची. इजा झालेल्या लोकांना हरल्यावर वाईट वाटायचं, जिंकल्यावर आनंदही व्हायचा, पण 'दुसरं घेतलं असतं तर' हे काही वाटायचंच नाही. आणि पस्तावा टाळून निवडणं काही त्यांना जमलं नाही. हे वाचलं तेव्हा 'नो रिग्रेट्स'चं आकर्षण माझ्या मनातून कायमचं गेलं.

अजून एक आहे. गिलोविच आणि मेडवेक या दोन मानसशास्त्रज्ञांनी १९९० च्या दशकात दाखवलं की थोड्या काळासाठी बघितलं तर माणसाला केलेल्या चुका जास्त टोचतात, पण सगळ्या आयुष्याकडे मागे वळून बघितलं की न केलेल्या गोष्टी जास्त टोचतात. मला हे लगेच पटलं, कारण केलेल्या चुकीचं आपण काहीतरी करतो, माफी मागतो, निस्तरतो, 'त्यातून हे तरी शिकलो' म्हणतो. न केलेल्याचं काय निस्तरणार, ते संपतच नाही, त्यात काय काय झालं असतं ते मन रचतच राहतं. आणि त्यावेळी ज्या भीतीने आपण थांबलो ती भीती दहा वर्षांनी आठवतही नाही, नुसतं एवढंच उरतं की साधं तर होतं, का नाही केलं. माझंही तसंच. मी तिला काही वाईट बोलले नव्हते. मी फक्त एक बटण दाबलं नाही.

आता इथे कुणी म्हणेल की मग काय आयुष्यभर उगाळत बसायचं का? नाही हो. उगाळणारी माणसं मी जवळून बघितली आहेत. माझ्या नात्यातल्या एक बाई पंचवीस वर्षं एकाच निर्णयाभोवती फिरतायत आणि त्यांचं दुःख बघून माझा जीव तुटतो, कारण त्या स्वतःला ज्यासाठी बोल लावतात ते तेव्हा त्यांच्या हातातच नव्हतं. 'मी चुकले' आणि 'मी आहेच चुकीची' यात फार मोठं अंतर आहे. पहिल्यातून पुढे काहीतरी करता येतं, दुसऱ्यातून नुसतं खचायला होतं. शिवाय नंतर कळलेल्या गोष्टी आपल्याला तेव्हाच माहीत होत्या असं आपल्याला वाटायला लागतं. बारूख फिशहॉफ या मानसशास्त्रज्ञाने १९७५ मध्येच हे दाखवलंय, लोकांना आधी एखादी घटना घडेल का याचा अंदाज विचारला आणि ती घडून गेल्यावर पुन्हा विचारलं की तुम्ही काय सांगितलं होतं, तर लोकांना आपला अंदाज होता त्यापेक्षा जास्त बरोबर होता असं आठवायचं. तेव्हा स्वतःवर खटला भरायचाच असेल तर त्या दिवशी जेवढं माहीत होतं तेवढ्यावरच भरा. मी तसं करून बघितलं. मेसेजमध्ये काय आहे हे मला माहीत नव्हतं, त्यातून मी सुटले. पण ती इतका मोठा मेसेज कधीच पाठवत नाही हे मला माहीत होतं. त्यातून नाही सुटले. आणि जे राहिलं ते नेमकं माझं होतं, त्यामुळे त्याचं काहीतरी करता येण्यासारखं होतं.

बदलाचं म्हणाल तर सगळ्यात मोठी अडचण 'आता या वयात काय बदलणार' ही असते. २०१३ मधला एक अभ्यास आहे, १८ ते ६८ वयाच्या १९,००० हून जास्त लोकांचा. बहुतेक सगळ्या वयाच्या लोकांना वाटत होतं की गेल्या दहा वर्षांत आपण बरेच बदललो पण पुढच्या दहात फारसे नाही बदलणार. १८ चा मुलगाही तेच म्हणतो आणि साठीतला माणूसही. म्हणजे प्रत्येकाला वाटतं की आपण आता तयार झालो, पूर्ण झालो. मला हे वाचून रडू आलं होतं खरं सांगते, सुटल्यासारखं रडू, की जिने तो मेसेज ठेवून दिला ती बाई म्हणजे माझं शेवटचं रूप नाहीये.

मी फार मोठं काही केलं नाही. एकच ठरवलं, कुणाचाही व्हॉइस मेसेज आला की त्याच दिवशी ऐकायचा, आणि उत्तर द्यायला वेळ नसेल तर "ऐकलं, रात्री बोलते" एवढं तरी लिहायचं. सुरुवातीला चुकायचं. लंडनमधल्या एका अभ्यासात, २०१० चा, ९६ लोकांनी रोजची एक छोटी सवय लावून घ्यायचा प्रयत्न केला, तर ती अंगवळणी पडायला सरासरी ६६ दिवस लागले, पण कुणाला १८ पुरतील तर कुणाला २५४ लागतील असा तो हिशोब होता, आणि मध्ये एखादा दिवस चुकला तर फारसं बिघडत नव्हतं. मी माझे दिवस मोजले नाहीत, पण बरेच लागले. मधल्या काळात भाच्याचा एक मेसेज मी अशाच मीटिंगच्या आधी दारात उभं राहून ऐकला आणि मीटिंगला वीस मिनिटं उशिरा गेले. काय होतं त्यात ते त्याचं खाजगी आहे. पण तेव्हा ऐकला हे बरं झालं.

आणि दोन वर्षांपूर्वी तिला फोन केला. बोलायचं काय ते आधी कागदावर लिहिलं होतं, कारण मला माहीत होतं की मी पुन्हा कारणं देईन. म्हटलं, फोनचा काही प्रॉब्लेम नव्हता, मी मेसेज बघितला होता आणि ऐकला नाही. ती बराच वेळ गप्प होती. मग म्हणाली, "त्या रात्री पावणेबारापर्यंत स्टँडवर बसले होते. तू ऐकलंस की तो माइक निळा होतो ना, तेवढंच बघत होते." मी काही बोलले नाही. बोलण्यासारखं काही नव्हतंच. थोड्या वेळाने म्हणाली, "राग नाहीये गं आता. पण तुला सांगायची सवय गेली."

हे ऐकून मला हलकं वगैरे काही वाटलं नाही, उलट कितीतरी जास्त लागलं. माफी मागितली की सगळं पहिल्यासारखं होतं असं ज्यांना वाटतं त्यांना मी सांगेन की नाही होत, निदान माझं नाही झालं. आम्ही आता महिन्या-दोन महिन्यांनी बोलतो, मुलांचं, तब्येतीचं. आतलं ती सांगत नाही आणि मी विचारत नाही, तो हक्क मी घालवलाय.

मागच्या आठवड्यात लिफ्टची वाट बघत होते तेव्हा तिचा व्हॉइस मेसेज आला. सहा सेकंदांचा. एका जुन्या मैत्रिणीचा नंबर हवा होता तिला. लिफ्ट आली तशी जाऊ दिली, तिथेच उभं राहून ऐकला आणि नंबर पाठवला.