बाबांसकट रॉक

मी कॅलिफोर्नियात वाढले असं कळलं की पुण्याच्या मावसभावंडांच्या डोळ्यांपुढे केसांत फुलं माळून गिटारवाल्याच्या व्हॅनमधून पळून गेलेली मुलगी उभी राहते. त्यांचा तरी काय दोष? आमचं घर सॅन फ्रान्सिस्कोच्या खाडीपलीकडे, एल सेरिटोत. क्रीडन्स क्लिअरवॉटर रिव्हायव्हल या रॉक बँडची पोरं याच गावच्या शाळेत एकत्र आली. ऐंशीच्या दशकात मेटालिका या हेवी मेटल बँडवाले याच गावात, कार्लसन बुलेव्हार्डवर भाड्याचं घर घेऊन गॅरेजमध्ये तालमी करत होते. बिघडायला लागणारी सगळी सामग्री हाताशी होती. पण बिघडायचं तर आधी बिघडण्याच्या ठिकाणी पोचावं लागतं. कॅलिफोर्नियात पोचायला गाडी लागते, गाडीला सोळा वर्षं पुरी लागतात, आणि तोवर गाडी बाबांकडे.

गावात बार्टची, म्हणजे खाडीकाठच्या लोकलची, दोन स्टेशनं होती, नाही असं नाही. पण शेवटची गाडी मध्यरात्रीच्या सुमाराला. "शेवटच्या गाडीनं येईन" हे वाक्य एखाद्या चौदा वर्षांच्या मुलीनं मराठी घरात उच्चारून बघावं.

आईबाबा 'नाही' म्हणाले असते तर फार बरं झालं असतं. मी खिडकीतून उडी मारून पळाले असते. घर बैठं होतं, खिडकी गुडघ्याच्या जरा वर, म्हणजे उडीचीही चांगली सोय होती. पण आमच्याकडे 'नाही' कोणी म्हणायचंच नाही. बाबा पेपरमधून मान वर काढून म्हणायचे, "जा की. आम्हीही येतो."

पहिला बळी ग्रेटफुल डेड हा रॉक बँड. १९८३ पासून त्यांनी स्वतःची तिकिटं टपालानं विकायला सुरुवात केली होती. ठराविक नंबरावर फोन लावायचा, ध्वनिमुद्रित सूचना ऐकायच्या, मग तीन बाय पाच इंचांच्या कार्डावर नाव, पत्ता, तारखा, किती तिकिटं ते लिहायचं. सोबत मनीऑर्डर. सोबत स्वतःचा पत्ता लिहिलेलं, पोस्टाचं तिकीट लावलेलं पाकीट. हे सगळं दुसऱ्या पाकिटात घालून सान रफायलला धाडायचं. आणि पोस्टाचा शिक्का सांगितल्या तारखेच्या आधीचा असला तर अर्ज बाद! माझ्या वर्गातली हिप्पी घराण्यातली मुलं या नियमांपुढे हात टेकायची. बाबांनी मात्र तरुणपणी रॉकेलच्या परवान्यापासून पासपोर्टापर्यंत सगळे अर्ज भरले होते. त्यांनी सूचना तीनदा ऐकून लिहून काढल्या, कार्डाची कार्बन कॉपी ठेवली आणि पोस्टातल्या बाईंकडून शिक्का स्वच्छ उमटल्याची खात्री करून घेतली. आम्हाला तिकिटं नाकारली गेली असं कधी झालं नाही. वर्गातली मुलं माझ्याकडे आदरानं बघायला लागली, आणि तो आदर खरं तर कोणाच्या वाट्याचा आहे हे मी त्यांना सांगितलं नाही.

पाकीट चितारून पाठवायची तिथे पद्धत होती. चित्र चांगलं असेल तर तिकीट नक्की, असा भक्तांचा समज. लोक गुलाब, कवट्या, सांगाडे काढायचे. आईला ते मुळीच मानवलं नाही. "शुभकार्याला निघालोय आणि सांगाडे कसले काढता?" असं म्हणत तिनं देवघरातून कुंकू आणलं आणि पाकिटाच्या कोपऱ्यात स्वस्तिक काढायला घेतलं. अमेरिकेच्या टपालातून स्वस्तिक पाठवल्यास पुढे काय काय होऊ शकतं, हे मी तिला दारात आडवी उभी राहून समजावलं. शेवटी 'श्री'वर तडजोड झाली. तिकिटं आली, आणि 'श्री'चा गुण म्हणून आईनं ते लगेच स्वतःच्या खात्यात जमा केलं.

१९८५च्या जूनमध्ये बँडला वीस वर्षं झाली म्हणून बर्कलेच्या ग्रीक थिएटरात तीन दिवस कार्यक्रम होते. शेवटचा दिवस १६ जूनचा रविवार, आणि नेमका फादर्स डे. मला मैत्रिणींबरोबर जायचं होतं. पण फादर्स डेला फादरला घरी ठेवायचं कसं?

ग्रीक थिएटर १९०३ सालचं, उघड्यावरचं, अर्धगोल काँक्रीटच्या पायऱ्यांचं. आईनं सतरंजी अंथरली, चपला एका बाजूला ओळीनं लावल्या आणि तिखटमिठाच्या पुऱ्यांचा डबा उघडला. पुढच्या दहा मिनिटांत आमच्याभोवती अनवाणी, दाढीवाल्या, रंगीबेरंगी बांधणीचे सदरे घातलेल्या माणसांचं कोंडाळं जमलं. या मंडळींत पैशापेक्षा देवाणघेवाण चाले. आईनं चार पुऱ्या दिल्या आणि तिच्या पदरात मण्यांची माळ, अर्धं कलिंगड आणि एक मेणबत्ती पडली. घरी जाताना ती म्हणाली, "माणसं चांगली आहेत गं, घरी कोणी खायला घालत नाही वाटतं."

बाबा तेवढ्यात ध्वनिमुद्रणवाल्यांच्या घोळक्यात गेले होते. डेडचा कार्यक्रम प्रेक्षकांनी खुशाल टेप करावा अशी मुभा होती, आणि आदल्या ऑक्टोबरपासून तर त्यांना वेगळी जागाही मिळाली होती. उंच काठ्यांवर मायक्रोफोनांचं रान उगवलेलं. इंजिनिअर माणूस तिथून हलेना. सवाईच्या रात्री आपण असं काही करू शकलो नाही, ही हळहळ त्यांनी एका केसाळ तरुणाला सविस्तर ऐकवली.

डेडच्या कार्यक्रमात दुसऱ्या भागात गाणं थांबायचं आणि दोघे ढोलवाले बराच वेळ एकटेच वाजवत राहायचे. त्यांतल्या मिकी हार्टनं अल्लारखाँसाहेबांकडे धडे घेतले होते, हे बाबांना कुठूनसं ठाऊक होतं. मग काय! बाबा मांडी ठोकून बसले आणि हातावर ताल धरला. टाळी, टाळी, खाली, टाळी. शेजारच्या दाढीवाल्यानं ते पाहिलं. त्याला वाटलं ही काहीतरी मोठी साधना आहे. त्यानं बाबांसारखी टाळी दिली, खालीला हात उलटा केला. त्याच्या पलीकडच्या बाईनंही केला. बघता बघता अख्खी रांग एकसाथ खालीला हात उडवू लागली, आणि मागच्या पायरीवर माझ्या वर्गातली तीन मुलं बसली होती.

"समेवर येत नाहीत लेकाचे," बाबा मला म्हणाले, "पण प्रयत्न प्रामाणिक आहे."

त्या रात्री मी ठरवलं, आता बाबांच्या कानांना सोसणारच नाही असं संगीत ऐकायचं. त्यासाठी ३१ ऑगस्टला ऑकलंड कोलिसियमवर 'डे ऑन द ग्रीन' हा मैदानावरचा रॉकचा जलसा गाठला. स्कॉर्पियन्स, रॅट, मेटालिका. ध्वनिवर्धकांच्या भिंतीच उभ्या होत्या. पण बाबा वाढले गिरगावातल्या चाळीत, खाली गणपतीचा मंडप, आणि खिडकीच्या दांडीला बांधलेला कर्णा. त्यांनी कापसाचे बोळे सोबत आणले होते ते मलाच दिले. मेटालिका सुरू झाल्यावर ते थोडा वेळ डोळे मिटून बसले. "द्रुत आहे," म्हणाले, "पण लय पक्की आहे पोरांची." आई सतरंजीवर आडवी झाली आणि झोपली. हजारो माणसं किंचाळत असताना आईला झोप लागते, याला मी पुढे कितीतरी वर्षं बंडखोरीतला अडथळा मानत आले.

मग पंक रॉक. यात तरी आईबापांना थारा नसणार! बर्कलेला ९२४ गिलमन स्ट्रीटवर १९८६च्या ३१ डिसेंबरला एका गोदामात नवा क्लब सुरू झाला होता. शेजारी वेताच्या खुर्च्या विणणारं दुकान, आत काळोख, भिंतींवर रंगाचे फवारे. एव्हाना मला लायसन्स मिळालं होतं. तरी बाबा म्हणाले, "एकदा बघून येतो."

आत शिरताच त्यांना नियमांचा फलक दिसला. दारू नाही, अमली पदार्थ नाहीत, मारामारी नाही, वंशभेद नाही, स्त्रीद्वेष नाही. बाबांनी चष्मा पुसून तो पुन्हा वाचला. "आमच्या वसतिगृहात याच्या निम्मीसुद्धा शिस्त नव्हती!" आत जायला दोन डॉलरचं सभासदकार्ड काढावं लागे. बाबांनी दोन डॉलर काढले, आणि पावती मिळेल का असं विचारलं.

सभासद झालं की मत मिळतं. कारण हा क्लब कोणी एक मालक चालवत नव्हता, सभासदांच्या बैठका व्हायच्या आणि तिथे निर्णय व्हायचे. हे बाबांना कळलं तो क्षण मला अजून आठवतो. महाराष्ट्र मंडळात ज्या माणसानं घटनादुरुस्तीवर दोन तास भाषण केलं होतं, त्याला बर्कलेत आणखी एक सभा सापडली. पुढच्या बैठकीला ते इस्त्रीचा शर्ट घालून गेले. कानांत सेफ्टी पिना अडकवलेल्या पोरांसमोर उभे राहून त्यांनी विचारलं की मागच्या सभेचं इतिवृत्त कुठे आहे. हिरव्या तुऱ्याच्या एका मुलानं अनुमोदन दिलं.

मी गिलमनला जाणं कमी केलं. अभ्यास वाढला, असं सांगितलं. बाबांचं जाणं चालूच राहिलं. सायंकाळी फोन वाजला की मी धावत जाऊन उचलायची. पलीकडून एखादा घोगरा आवाज अडखळत विचारायचा, "काका आहेत का?" हा शब्द बाबांनीच शिकवलेला. दारावरच्या हिशेबात चौदा डॉलर कमी पडत होते.

"कोण गं?" आई स्वयंपाकघरातून विचारायची.

"बाबांचे मित्र," मी म्हणायची आणि रिसीव्हर बाबांच्या हातात द्यायची.