हापूस विषयाला धरून आहे का?

शनिवारपासून घरात हापूसची पेटी आहे आणि मी तिच्याकडे रागाने बघतोय. आंबे उत्तम निघाले, हाच त्रास आहे.

पुण्यात आमचा मुक्त सॉफ्टवेअरवाल्यांचा गट महिन्यातून एकदा जमतो. व्याख्यानाआधी दहा मिनिटं निवेदनं असतात. कुठलं निवेदन विषयाला धरून आहे ते ठरवायचं काम माझ्या गळ्यात पडलं, कारण कामं वाटली गेली त्या दिवशी मी गैरहजर होतो. नियम दोनच: सॉफ्टवेअरशी संबंध हवा, विक्री नको.

शनिवारी एक काका पुढे आले. निवृत्त, हातात कापडी पिशवी. मागच्या दोन्ही बैठकांत ते फक्त चहाच्या वेळी जागे होते.

"माझंही एक निवेदन घे रे. देवगडचा हापूस, घरच्या बागेतला."

"काका, इथे फक्त मुक्त सॉफ्टवेअरचं."

"मग आंबा काय बंदिस्त आहे? तुमची ती चार स्वातंत्र्यं सांग बघू."

चारचौघांत विचारल्यावर सांगावीच लागतात. वापरा, आतून अभ्यासा, वाटा, बदल करून वाटा.

"खा, चिरून बघा, शेजाऱ्याला द्या, आमरस करून वाटा. झाली चार! आणि सोर्स, तुमचा तो मूळ कोड, आतच असतो. कोय!"

इथे मी गप्प बसायला हवं होतं. पण चुकीची माहिती ऐकली की माझ्या पोटात दुखतं. "कोय लावून तसाच हापूस येत नाही, काका. कलम लागतं."

"कलमं तुमच्या परवान्यात नसतात होय? आणि कोयीतून वेगळंच काही उगवलं तर त्याला तुम्ही काय म्हणता ते... फोर्क!"

फोर्क म्हणजे मूळ कोड घेऊन वेगळ्या वाटेने नेलेली आवृत्ती. मागच्या रांगेतल्या कॉलेजच्या पोरांनी टाळ्या वाजवल्या. मी शेवटचं अस्त्र काढलं, "पण तुम्ही पैसे घेणार ना?" काकांनी नुसतं माझ्या टी-शर्टकडे बोट दाखवलं. त्यावर 'मुक्त म्हणजे फुकट नव्हे' असं ठळक अक्षरांत आहे. मीच छापून घेतलाय, स्वखर्चाने.

तरी मी निवेदन नाकारलं. नियम म्हणजे नियम. आता रात्री झोप येईना तेव्हा सुचलं की या नियमाने थोरामोठ्यांचीही विकेट गेली असती. मुक्त सॉफ्टवेअर चळवळ सुरू करणाऱ्या रिचर्ड स्टॉलमननी २७ सप्टेंबर १९८३ ला ग्नू या मुक्त ऑपरेटिंग सिस्टिमची घोषणा केली, त्यात कंपन्यांकडे यंत्रं आणि पैसे मागितले होते. वर्गणी? नामंजूर. लिनक्सवाल्या लिनस टोरवाल्ड्सने २५ ऑगस्ट १९९१ ला मिनिक्स नावाची ऑपरेटिंग सिस्टिम वापरणाऱ्यांच्या ऑनलाइन घोळक्यात जाऊन सांगितलं की मी हौसेखातर दुसरीच ऑपरेटिंग सिस्टिम लिहितोय. मिनिक्सवाल्यांत? विषय सोडून. खाली बस, बाळा.

असो. माझा आंबा-विजय दोन मिनिटं टिकला. मग एक गृहस्थ न विचारता उठले आणि 'कम्युनिटीसाठी सुवर्णसंधी' म्हणत आपल्या कंपनीतली नोकरभरती आणि सशुल्क कोर्स असं सगळं सात मिनिटं वाचून दाखवलं. स्लाइडसकट. मी अडवलं नाही. सभागृह त्यांच्या कंपनीचं, सामोसे त्यांच्या कंपनीचे. त्यात लिनक्स हा शब्द दोनदा आला, म्हणजे विषयाला धरूनच झालं म्हणायचं. पिशवीवाल्या म्हाताऱ्याला नियम शिकवणारा मीच, आणि सामोसा हातात घेऊन मान डोलावणाराही मीच.

माझं स्वतःचं निवेदन राहूनच गेलं. लिबरऑफिस या मुक्त ऑफिस सॉफ्टवेअरच्या मराठी अनुवादाला माणसं हवीत, एवढंच होतं. मागे एकदा ते केलं तेव्हा एकच हात वर आला होता. त्या सद्गृहस्थांनी 'सेव्ह'ला 'जतन करा' बरोबर की 'साठवा' यावर वीस मिनिटं घालवली आणि एकही ओळ न भाषांतरता ते घरी गेले. तरी तो हात होता. यंदा तेवढाही नाही.

बाहेर आलो तर काकांच्या गाडीच्या डिकीभोवती गर्दी. ज्यांना निवेदन ऐकू जाऊ नये म्हणून मी भांडलो, ते सगळे तिथे रांगेत. सुवर्णसंधीवालेही. माझा नंबर आल्यावर मी हळूच विचारलं, "काही कमी?"

"मुक्त म्हणजे फुकट नव्हे," काका म्हणाले आणि सुट्टे परत देताना पुढे म्हणाले, "पुढच्या महिन्यात कोकम आगळ आहे. आत्ताच लिहून घे, नंतर वेळ नाही म्हणशील."

मी लिहून घेतलं. अनुवादाच्या वर.