पाल्यासाठी संगणक घेताना

दहावीची परीक्षा संपल्यापासून निकाल लागेपर्यंतच्या रिकाम्या दिवसांत आपल्या पाल्याने प्रोग्रॅमिंग शिकावे असे आपल्याला वाटणे स्वाभाविक आहे, कारण समोरच्या बिऱ्हाडातली मुलगी ते केव्हाच शिकू लागली आहे. त्यासाठी संगणक घ्यावा लागतो आणि तो घेताना सुजाण पालकांचेही पाऊल घसरते, म्हणून हे चार शब्द. मुलाने संगणक शिकायचा असेल तर खर्च थोडक्यात आटोपतो. परंतु संगणकाने आपले मूल शिकून घ्यावे अशी इच्छा असेल, तर हात सैल सोडावा लागतो. आपण दुसऱ्या प्रकारचे पालक आहात, हे गृहीत धरून पुढचे लिहीत आहे.

पहिला धोका स्वस्ताईचा. पुण्यातली तपकीर गल्ली आणि मुंबईतला लॅमिंग्टन रस्ता (याला डॉ. भडकमकर मार्ग हे नाव मिळून बराच काळ लोटला, पण ते टॅक्सीवाल्याला सांगून पाहावे) ही दोन ठिकाणे कटाक्षाने टाळावीत. कचेऱ्यांतून निवृत्त झालेले लॅपटॉप तेथे नव्याच्या मानाने फारच कमी किमतीत मिळतात. १४ ऑक्टोबर २०२५ रोजी विंडोज १० ची नेहमीची सुरक्षा अद्यतने थांबली; विंडोज ११ ला टीपीएम २.० ही सुरक्षेची सोय आणि ठरावीक पिढीनंतरचा प्रोसेसर लागतो. त्यामुळे ठणठणीत प्रकृतीची असंख्य यंत्रे एका रात्रीत म्हातारी ठरली. अशा यंत्रावर लिनक्स ही कार्यप्रणाली टाकली, जी फुकट मिळते, तर पायथन ही प्रोग्रॅमिंगची भाषा शिकायला ते पुरून उरते. ही माहिती घराबाहेर आणि विशेषतः घरात जाऊ देऊ नये.

दुसरा मोह रास्पबेरी पाय या चिमुकल्या यंत्राचा. केंब्रिजमध्ये संगणकशास्त्र शिकायला येणाऱ्या मुलांना पूर्वीइतके प्रोग्रॅमिंग येत नाही, या काळजीतून एबेन अप्टन आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी ते घडवले आणि २९ फेब्रुवारी २०१२ रोजी अवघ्या ३५ डॉलरला विकायला काढले. आपल्याकडे पोहोचेपर्यंत ते इतके स्वस्त राहत नाही, हीच काय ती समाधानाची बाब. एरवी त्याचे दोष उघड आहेत. ते पत्त्यांतल्या पानाएवढे असल्यामुळे पाहुण्यांना दाखवायचे काय, हा प्रश्न पडतो. पडदा म्हणून घरातला टीव्ही चालतो, म्हणजे मालिकेच्या वेळेला घरात महाभारत. त्याहून वाईट असे की, त्याची सारी कार्यप्रणाली नखाएवढ्या मेमरी कार्डात मावते. मुलाने काही बिघडवले तर ते कार्ड पुसून पुन्हा भरले की यंत्र अर्ध्या तासात पूर्ववत होते. बिघडण्याची भीती गेलेले मूल पुढे काय काय उघडून पाहील, याचा नेम नाही.

ही भीती टिकवण्यासाठी आपल्या पिढीने केवढे कष्ट घेतले होते! १९८४ मध्ये सरकारने ‘क्लास’ नावाचा प्रकल्प काढून निवडक शाळांना बीबीसी मायक्रो संगणक दिले. त्याच्या मॉडेल बी मध्ये ३२ केबी मेमरी होती, आणि चालू करताच ते ‘बेसिक’ या भाषेत हुकमाची वाट पाहत उभे राहत असे. प्रोग्रॅम लिहिण्यावाचून त्याच्याशी करण्यासारखे फारसे काही नव्हते. एवढा धोकादायक संगणक सर्वत्र पसरला असता तर अनर्थ झाला असता. सुदैवाने पुढे शाळाशाळांतून संगणक आले तेव्हा त्यांचे योग्य ते देव्हारे झाले. चपला बाहेर काढून आत जायचे, एका यंत्राभोवती चौघांनी बसायचे, माउस ज्याच्या हाती आला त्याने धन्यता मानायची, आणि तास संपला की बाईंनी यंत्रावर झालरीचे आच्छादन घालायचे. संगणकाचे सहा भाग आम्हाला आकृतीसह पाठ होते. त्यातला एकही आम्ही उघडून पाहिला नाही, आणि म्हणूनच आज कोणत्याही पडद्यावर ‘मला मान्य आहे’ असे दिसताच आमचे बोट आपोआप पुढे जाते.

तेव्हा लॅपटॉप घ्यावा तो कळफलकातून रंगीत उजेड फाकणारा, खेळांसाठी घडवलेला आणि हप्त्यांवर.

आता खासगीपणा. याविषयी आपण जागरूक आहातच. कॅमेऱ्यावर चिकटवलेली टिकली मी पाहिली. तेवढे पुरे. उरलेला भाग आपल्या सोयीसाठी इतरांनी सांभाळलेला आहे. खाते उघडताना जन्मतारीख विचारतात, तेथे मात्र सावध राहावे. २०२३ च्या डिजिटल वैयक्तिक विदा (म्हणजे डेटा) संरक्षण कायद्यानुसार अठरा वर्षांखालील प्रत्येक जण बालक ठरतो; त्याच्या माहितीसाठी पालकांची पडताळता येईल अशी संमती घेणे त्यात सांगितले आहे, आणि एरवी त्याच्या वर्तनावर पाळत ठेवायला व त्याला हेरून जाहिराती दाखवायला मनाई आहे. एवढी कटकट टाळण्याचा मार्ग सोपा आहे: मुलाच्या जागी स्वतःची जन्मतारीख टाकावी. संसदेने दिलेले संरक्षण घरबसल्या, विनामूल्य आणि दोन सेकंदांत रद्द करण्याची ही सोय बहुतेक पालकांना उपजतच अवगत असते.

कोडिंग शिकवणारे ॲप आपला ठावठिकाणा, फोनमधली नावे आणि मायक्रोफोन मागेल. द्यावे. आपण कोठे राहतो हे कळल्याशिवाय ‘फॉर लूप’ कसा शिकवणार? ह्यूमन राइट्स वॉच या मानवाधिकार संघटनेने ४९ देशांतल्या शैक्षणिक ॲप आणि संकेतस्थळांच्या तपासणीचा अहवाल २०२२ मध्ये काढला, त्यात दहातली जवळजवळ नऊ मुलांच्या माहितीशी नको ते खेळ करताना आढळली. इतके जण एकच गोष्ट करतात, म्हणजे ती अभ्यासक्रमातलीच असणार. पुढे एका मोफत तासानंतर आपल्याला रोज फोन येऊ लागतील आणि पलीकडचा गोड आवाज आपल्या पाल्याचे नाव, इयत्ता व ‘सुप्त क्षमता’ सांगेल. आपल्या मुलाची एवढी चौकशी तर त्याच्या सख्ख्या आत्यानेही कधी केली नव्हती.

अगदीच अस्वस्थ वाटले तर ब्राउझरची गुप्त खिडकी उघडावी. ती काय केले हे घरातल्यांपासून लपवते. बाहेरच्यांपासून लपवण्याचा दावा तिच्यावर लादणे अन्यायाचे होईल. या गैरसमजातून अमेरिकेत गूगलवर खटला झाला आणि २०२४ मध्ये त्या खिडकीतून गोळा झालेल्या अब्जावधी नोंदी नष्ट करण्याची तयारी कंपनीने दाखवली. नष्ट करायला त्या असाव्या लागतात, हे वेगळे सांगायला नको.

स्वस्त यंत्रे तरी कोठे सोवळी आहेत, असे आपण विचाराल, आणि तो मुद्दा मी मुद्दाम राखून ठेवला होता. २०२१ च्या सुरुवातीला रास्पबेरी पायच्या कार्यप्रणालीने एका अद्यतनासोबत, कोणालाही न विचारता, मायक्रोसॉफ्टच्या सॉफ्टवेअर-भांडाराचा पत्ता लोकांच्या यंत्रांत नोंदवला. त्यानंतर दर अद्यतनाच्या वेळी ती यंत्रे तिकडचेही दार वाजवू लागली. केवढा गहजब झाला! तो झाला कारण तो पत्ता एका साध्या मजकुराच्या फाइलीत होता, कोणालाही ती उघडून वाचता येत होती आणि वाचणाऱ्यांनी ती वाचली. आपण घेणार असलेल्या लॅपटॉपमध्ये असा मनस्ताप संभवत नाही. तेथे काय चालले आहे ते दिसतच नाही, त्यामुळे झोप शांत लागते.

समोरच्या मुलीकडे पाल्याला पाठवू नये. तिच्या वडिलांनी लॅमिंग्टन रस्त्यावरून आणलेल्या त्या काळ्या, कोपरे झिजलेल्या यंत्रावर ती परवा आमच्या चिरंजीवांना दाखवत होती की, एक पान उघडले की ब्राउझर आणखी किती जणांशी बोलतो. चिरंजीव घरी येऊन आमच्या फोनकडे टक लावून पाहत बसले. नाइलाजाने पाठवावेच लागले, तर परतल्यावर खिसे तपासावेत. ते कार्ड नखाएवढेच असते.