बाड ठेवून जा, बघू!

प्रकाशकांचं हे वाक्य मी आता झोपेतही म्हणतो. अप्पा बळवंत चौकात गाडी लावायला 20 मिनिटं, मग अंधारा लाकडी जिना चढून वर जायचं, तर साहेब जेवायला गेलेले. पुण्यात 1 ते 4 कोण भेटतंय म्हणा! चारनंतर भेटले. समोर 212 पानांचं स्पायरल केलेलं बाड ठेवलं. उघडलंसुद्धा नाही. अंगठ्यानं जाडी चाचपली आणि म्हणाले, "कथा? कथा खपत नाहीत हो. कादंबरी नाही का?"

गेल्या वर्षी दुसरीकडे कादंबरीच नेली होती. तिथं म्हणे, "नवख्याची कादंबरी कोण घेतं? आधी दिवाळी अंकांत कथा येऊ द्यात." अहो, आल्यात की सात!

मराठीत लेखकाच्या वतीनं बोलणारा एजंट जवळपास नसतोच, त्यामुळे आपली दवंडी आपणच पिटायची. (आणि मला तर स्वतःबद्दल बोलताना घाम फुटतो.) शेवटी चहाबरोबर खरा मुद्दा येतो: "500ची आवृत्ती काढू, 300 प्रती तुम्ही उचला." म्हणजे पैसे माझे, विक्री माझी, आणि पलंगाखालची जागाही माझीच!

निघताना बाड टेबलावर ठेवलं. मी दारापर्यंत पोचायच्या आत त्यावर चहाचा कप होता.