कगतत ४१२७

काल सकाळी पेज पीत होतो तेवढ्यात आबांनी अंगणातूनच हाक मारली, "मेल्या, कगतत ह्यां काय असा?" आणि माझा घास घशातच अडकला, कारण अख्ख्या सिंधुदुर्ग जिल्ह्यात कगतत म्हणजे काय हे फक्त मला माहीत होतं.

मी क्रुसेडर किंग्ज ३ खेळतो. वय विचारू नका. २०२० साली आलेला गेम, मी इसवी सन ८६७ पासून सुरू करतो, त्यात लढाया कमी आणि सोयरिकी, कटकारस्थानं, वारसदार जास्त, थोडक्यात आमची वाडीच. राजा मेला की राज्याची सगळ्या मुलांत वाटणी. थोरल्यालाच सगळं द्यायचा कायदा १२०० सालानंतर कधीतरी येतो, तोवर थांबणार कोण, म्हणून मी डिबग मोड लावून कन्सोल, म्हणजे गेमला थेट हुकूम टाइप करायची खिडकी, उघडतो. एस्केपच्या खालचं बटण दाबायचं, गोल्ड ५००० लिहायचं, एंटर, खजिन्यात पैसे. किल लिहून पुढे माणसाचा नंबर टाकला की तो खलास, आणि नंबर नुसता माऊस त्याच्यावर नेला तरी दिसतो. अचिव्हमेंट मिळत नाहीत, पण मिळून दाखवणार कोणाला.

तर परवा भर पावसात आबा वारस नोंदीचा अर्ज टाइप करून घ्यायला आले. मराठी कीबोर्ड लावला, अर्ज केला. चहा व्हायचा होता म्हणून मी बाजूच्या खिडकीत गेम उघडला तर आबांनी खुर्चीच पुढे ओढली.

"ह्यो कोण?"

"मी. राजा."

"आणि ह्ये चार?"

"मुलगे."

"म्हंजे तू मेलंस की चार वाटे?"

"हो ना."

आबांनी चष्मा पुसून पुन्हा लावला. "आणि बहिणींची सही?"

म्हटलं, मुलगे असले की मुलींना नाही मिळत ह्यात. "बरो काळ होतो," असं म्हणून आबा सुखाने मागे टेकले. हिंदू वारसा कायद्याच्या २००५ च्या दुरुस्तीनंतर मुलीलाही मुलाइतकाच हक्क आहे हे मी अर्ज लिहितानाच त्यांना सांगितलं होतं, तेव्हा बरं ऐकू आलं नाही. आणि काळाचं म्हणाल तर आमच्या इथून एसटीने तासाभरावर खारेपाटण, तिथल्या १००८ च्या ताम्रपटात शिलाहार राजांच्या दहा पिढ्यांची वंशावळ आहे, दहा पिढ्यांची नावं दहा. आबांच्या सातबारावर तीन पिढ्यांत त्रेचाळीस नावं, त्यातली निम्मी मुंबईला आणि काही वर.

मी गोल्ड ५००० मारलं.

"ह्ये पैसे इले खंयसून?"

"कमांडने."

"कोणाच्या खात्यातसून?"

"कोणाच्याच नाही."

"म्हंजे लबाडी." असं तोंडावर! सामायिक बागेतले आंबे धाकट्या भावाला न सांगता व्यापाऱ्याला देणारा माणूस मला लबाड म्हणतो. मी रागारागात येसमेन टाइप केलं.

"ह्यां आणि काय?"

"ह्याने समोरचा कशालाही हो म्हणतो."

आबा गप्प. पत्र्यावर पाऊस वाजतोय, चहावर साय धरली. मग हळूच, आत आई ऐकेल अशा भीतीने, "माझ्या भावाक लागात काय रे तां?"

नाही म्हटलं. मग त्यांना अचानक आठवलं की अर्जात भावाच्या नावाची वेलांटी चुकलीय, ती सुधारली, आणि परत येऊन राजाच्या भावाला मारायला किल ४१२७ मारलं. काही झालं नाही, भाऊ तसाच हसतोय. गेमवर क्लिक करून, कीबोर्ड बदलून पुन्हा मारलं तेव्हा मेला.

इनस्क्रिप्टमध्ये, म्हणजे त्या मराठी कीबोर्डच्या मांडणीत, के म्हणजे क, आय म्हणजे ग, एल म्हणजे त. पहिला वार अर्जात गेला होता, बरोबर धाकट्याच्या नावापुढे. मी वाचलं नाही, आबांनी वाचलं नाही. ज्या टेबलावर आठ महिने आबांचा एक कागद कोणी उघडून बघितला नाही तिथे नेमकं हे वाचलं, आणि विचारलं, हा कुठला फेरफार नंबर? अर्ज परत. एसटीच्या दोन खेपा गेल्या म्हणून आबा दुकानात सांगून आले की ह्यो घराक बसून खोटे पैसे काढता. आज सुके बांगडे घ्यायला गेलो तर ती बाई म्हणते, "पाच हजार येतत मा तुका बटण दाबून? मगे धा रुपये कमी कित्याक?" आणि नाहीच केले कमी.

आबांना मी टायपिंग मिस्टेक म्हणून सांगितलं आणि नवीन अर्ज करून दिला, ह्या वेळी तीनदा वाचून. ते घडी घालून पिशवीत ठेवत उठले, छत्री उघडली, पायरीवरनं परत वळले.

"तां येसमेन तेवढां खाली घालून दी. बगूया."