आजींच्या तीन उशा

"प्रॅक्टिकल म्हणजे नुसतं नाटक. पेशंट ठरलेले, नापास कोणी होत नाही, मार्क एक्स्टर्नलच्या (बाहेरून आलेल्या परीक्षकाच्या) मूडवर. त्यापेक्षा सगळी परीक्षा एमसीक्यूची (पर्याय निवडायच्या प्रश्नांची) करा." इंटर्नच्या प्रत्येक ग्रुपवर हा मेसेज फिरतोय. मी सांगलीत इंटर्न आहे, एमबीबीएसच्या परीक्षेच्या जखमा अजून ओल्या आहेत. तरी हे पटत नाही.

'पेशंट ठरलेले.' असतातच. वाढलेली प्लीहा परीक्षेच्या सकाळी वाट चुकून वॉर्डात येत नाही. डायग्नोसिस आधी फुटतंही. माझं फुटलं होतं, तरी अडकलो. लाँग केसला, म्हणजे एकच पेशंट नीट विचारून-तपासून परीक्षकांपुढे मांडायचा त्या भागाला, अथणीकडच्या आजी, कन्नडखेरीज एक शब्द नाही. 'उसिरु' म्हणजे श्वास, एवढं सिस्टरांनी सांगितलं. बाकी भिस्त नातवाच्या मोडक्यातोडक्या मराठीवर. हार्ट फेल्युअरची केस मी झोकात मांडली. एक्स्टर्नलनी डायग्नोसिसला हातच घातला नाही. "रात्री उशा किती लागतात?" मी विचारलंच नव्हतं. हृदय थकलं की आडवं झाल्यावर दम लागतो, म्हणून उशा वाढत जातात. नातू म्हणाला, तीन, आणि तरी मध्यरात्री उठून बसते.

एमसीक्यूत त्या तीन उशा प्रश्नातच छापून येतात. वॉर्डात त्या आजींकडून काढाव्या लागतात.

'नापास कोणी होत नाही.' हे माझ्या रूममेटला सप्लिमेंटरीचा फॉर्म भरताना ऐकवायला हवं होतं.

'मार्क मूडवर.' इथे मेसेज निम्मा खरा आहे. शेजारच्या टेबलावर जेवणाच्या घाईत पाच मिनिटांत वायवा (तोंडी परीक्षा) उरकलेला मी पाहिलाय. पण मूड सोडा, एकाच केसवर माणूस जोखणं हाच मोठा जुगार. हृदय छान तपासणारा पोरगा नर्व्हस सिस्टिमला गडबडतो. यावरच उपाय म्हणून स्कॉटलंडमध्ये डंडीच्या रोनाल्ड हार्डन यांनी १९७५मध्ये ऑस्की ही परीक्षापद्धत मांडली: बरीच स्टेशनं, प्रत्येकावर एक छोटं काम, घंटा वाजली की पुढे, परीक्षक वेगळे, हातात चेकलिस्ट. तीही निर्दोष नाही. टिक मिळावी म्हणून 'नमस्कार, मी अमुक' अशी पोपटपंची चालते, आणि घंटेच्या धाकात उशांपर्यंत पोचायला वेळ कुठे?

म्हणून लाँग केस मोडीत काढू नका, स्टेशनं वाढवा. आणि मेसेजात नसलेली खरी तक्रार: आजींजवळ मी तासभर बसलो होतो, तेव्हा एकही परीक्षक तिथे नव्हता. सगळे आले ते मी केस सांगायला उभा राहिल्यावर.