मॉडेलचे सहकार्य: मध्यम

असा शेरा काल माझ्यावर मारला गेलाय. लेखी, निळ्या पेनाने. आणि तो मी उलटा वाचला, कारण कागद माझे केस रंगवणाऱ्या मुलीच्या हातात होता आणि माझी मान टॉवेलात. म्हणजे केस माझे, अख्खी दुपार माझी, टाळूला झोंबलं ते मला, आणि मार्क कोणाला तर ते पण मलाच. मध्यम!!

का गेले वगैरे सोडा. स्वस्तात होतं. ब्यूटी स्कूलमध्ये शिकणाऱ्या मुली केस रंगवतात, वर मॅडम लक्ष ठेवतात, म्हणून पार्लरपेक्षा पैसे कमी. हिशोब सरळ होता.

आत गेल्या गेल्या कळलं की आपण आता माणूस नाही, मॉडेल. रॅम्पवरचं नव्हे, टेबलाला क्लॅम्पने घट्ट बसवलेली बिनधडाची रबरी डोकी असतात ना सरावाची, त्यांच्यापेक्षा एक पायरी वरचं. "मॉडेलची मान डावीकडे घे." "मॉडेलच्या टाळूला जखम वगैरे आहे का गं?" हे मला नाही, माझ्या डोक्यावरून पलीकडच्या मुलीला विचारलेलं. मीच "नाही" म्हटलं तर दोघी दचकल्या.

मग बाऊल आला आणि वाद सुरू झाला. वीस की तीस? हे रंगात मिसळायच्या डेव्हलपरचं व्हॉल्यूम, म्हणजे त्याची ताकद, २० म्हणजे ६ टक्के पेरॉक्साइड, ३० म्हणजे ९ टक्के, हे मला आता पाठ आहे कारण ते माझ्या कानावर अक्षरशः ब्रश आपटत म्हटलं गेलं. एक म्हणे पांढरे केस आहेत, वीसच. दुसरी म्हणे मॉडेलला उजळ हवंय, तीस घे. मॅडमना विचारावं तर मॅडम बाहेर फोनवर. शेवटी जिचा आवाज मोठा तिचं तीस ठरलं.

आणि एवढ्यात शेजारच्या खुर्चीतून आवाज आला, "दातरे, तीस?"

शेजारी एक बाई फेशियलला बसलेल्या. चेहऱ्यावर मातीचा पॅक, करडा, पूर्ण वाळलेला, फक्त डोळे आणि नाकपुड्या उघड्या. त्यांना सक्त ताकीद होती की बोलायचं नाही, पॅकला तडे जातात. त्यावर बाईंनी तोडगा काढला होता, ओठ न हलवता बोलायचं. ओठाला ओठ टेकवायचाच नाही. त्यामुळे त्यांच्या मराठीतून प, फ, ब, भ, म ही सगळी मंडळी हद्दपार झाली होती आणि बाकीची भाषा मात्र धो धो चालू होती. मला आधी वाटलं, बाई दाढ काढून थेट इकडेच आल्यात.

"तहिल्यांदाच का?" त्यांनी विचारलं.

मी मान हलवली. मागून लगेच, "मॉडेलने मान हलवू नये प्लीज." (सहकार्याचे मार्क इथेच गेले असणार.)

"तॅच टेस्ट केली का तण? नाझ्या दहिणीने केली नव्हती, कताळ एवढं सुजलं तिचं."

"केली ना तॅच टेस्ट," मी म्हणाले. खरंच असं म्हणाले! दोन मिनिटांत माझे पण ओठ मिटेनासे झाले. पॅच टेस्ट मात्र झाली होती, आधीच बोलावून कानामागे रंगाचा ठिपका लावलेला आणि ४८ तास तो भाग धुवायचा नाही, खाजलं तर सांगायचं. रंगातल्या पीपीडी नावाच्या रसायनाची काहींना जबरदस्त ॲलर्जी असते, तेव्हा ते योग्यच, त्यांची एवढी एक गोष्ट योग्य होती म्हणून मुद्दाम लिहितेय.

"काकू, बोलू नका ना, तडे जातील," त्यांचं फेशियल करणारी मुलगी ओरडली.

"नी कुठे दोलतेय?" काकू म्हणाल्या.

खरं तर त्यांचा पॅक धुवायची वेळ केव्हाच टळली होती, पण ती मुलगी सुद्धा माझ्याच डोक्यावरचा वाद ऐकायला येऊन उभी. काकूंना त्याचं काही नव्हतं. त्या डोळे फिरवून माझ्या भांगाकडे बघत होत्या आणि अधूनमधून भविष्य सांगत होत्या. "वरचे तांढरे आहेत ना तुनचे, ते नारिंगी होणार. दघा तुन्ही. खालचे काळे ते काळेच राहणार. घादरू नका."

हे सगळं करड्या, निर्विकार, देवळातल्या मूर्तीसारख्या चेहऱ्याने. अशा चेहऱ्याच्या बाईने घाबरू नका म्हटलं की माणूस घाबरतोच.

रंग चढेपर्यंत नुसतं बसायचं असतं, तेव्हा भिंतीवरचा चार्ट वाचला. शेडच्या नंबरात बिंदूच्या आधीचा आकडा गडदपणाचा, १ काळा आणि १० एकदम फिका सोनेरी, बिंदूनंतरचा छटेचा. १९०७ मध्ये ओजेन श्युलेर नावाच्या फ्रेंच केमिस्टने केसांचा रंग बनवला, तो पॅरिसच्या हेअरड्रेसरांना विकला, त्यातूनच पुढे लोरेआल कंपनी उभी राहिली. त्याचं नाव चार्टवर. पण त्यानेही पहिला ब्रश कोणाच्या तरी डोक्यावर फिरवलाच असेल ना, त्या डोक्याचं कोणाला काय. त्या बाईलाही मध्यमच मिळाले असणार.

केस धुतले. आरशात बघितलं. मुळं नारिंगी, खालचे जुने डाय केलेले केस जसेच्या तसे काळेकुळकुळीत, मधे एक पट्टा ज्याला नाव नाही.

आणि आता मॅडम आल्या! फोन संपला. माझ्याकडे बघून त्यांचा चेहरा उजळला, टाळी वाजवून म्हणाल्या, "सगळ्यांनी इकडे या." अख्खा वर्ग भोवती. मग माझी एकेक बट उचलून लेक्चर. रंगाने रंग उतरत नाही, जुन्या डायवर उजळ शेड लावली तरी दिसत नाही. पांढऱ्या केसात स्वतःचं रंगद्रव्य नसतं, नुसती कॉपर म्हणजे तांबूस शेड लावली तर नारिंगी होणार, त्यात साधी नैसर्गिक बेस शेड मिसळायला हवी. टाळूच्या उबेने मुळाशी रंग जोरात चढतो. सगळं बरोबर, सगळं मुद्देसूद, फक्त दोन तास उशिरा. मुली माझ्याकडे बोट दाखवून वहीत लिहीत होत्या.

मुलींचा मला राग नाही हो. जिने रंग लावला तिचा हात कापत होता, माझ्या कानाला लागलेला डाग ती बिचारी शेवटपर्यंत पुसत होती. पण मुलींकडून फी घ्यायची, माझ्याकडून पैसे घ्यायचे, आणि बाऊलमध्ये काय मिसळलं जातंय ते बघायला कोणी नाही, याला शिकवणं म्हणतात? चूक होऊ द्यायची आणि मग चुकीवर छान बोलायचं. "तुम्हाला काय हवं होतं" हे त्या अख्ख्या दुपारी एकाही माणसाने मला विचारलं नाही. दुसऱ्या कोणाला विचारलं असेल तर माहीत नाही, माझ्याबद्दल मलाच वगळून बरंच विचारलं जात होतं.

"पुढच्या आठवड्यात कलर करेक्शनचं, म्हणजे बिघडलेला रंग सुधारायचं, प्रॅक्टिकल आहे," मॅडम म्हणाल्या. "येता का? अशी केस मिळत नाही सहज."

मी काही बोलायच्या आत शेजारची खुर्ची फिरली. काकूंचा चेहरा धुऊन झाला होता, गुलाबी, चकचकीत, आणि ओठ मोकळे. त्यांनी माझं डोकं नीट निरखलं आणि सगळी हद्दपार अक्षरं एकदम परत आणत म्हणाल्या, "या या, मी पण येतेय, आयब्रोजला. आयब्रोजला मनमुराद बोलता येतं."